हाड जुळणार की नाही, हे आधी कळते का?

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या वाढदिवशी हाडे मोडण्याच्या गोष्टी सांगायला उभी राहिले आहे, म्हणून प्रथम आपली क्षमा मागते. चिटणीसबाईंनी ‘आरोग्यावर काहीही बोला’ एवढेच सांगितले होते. मी पडले हाडांची डॉक्टर. बाईमाणूस आणि हाडांची डॉक्टर, याचे लोकांना अजूनही नवल वाटते. पण मघाशी मी सहज विचारले, की कोणाच्या घरात पायात सळई घातलेले माणूस आहे, तेव्हा किती हात वर झाले ते आपण सर्वांनी पाहिले. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

आपल्या छत्रपती संभाजीनगरात जालना रोड, बीड बायपास आणि वाळूजचा रस्ता या तीन वाटांवर दुचाकींची केवढी रांग असते, हे मी सांगायला नको. दुचाकीवरून माणूस पडला की पुष्कळदा पहिला मार बसतो तो नडगीला. सिल्लोड, कन्नड, वैजापूर, पैठण, गंगापूर इथली मोडलेली माणसेही इथेच येतात. 1956 साली आपल्याकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; आपण सगळे त्याच्या रुग्णालयाला ‘घाटी’ म्हणतो. मराठवाड्यातील किती घरांनी घाटीच्या व्हरांड्यात रात्री काढल्या असतील, याची गणती नाही.

नडगीचे ऑपरेशन झाले, रुग्णाला बाहेर आणले, की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : “डॉक्टर, आता जुळले ना हाड?” त्यांना वाटते, सुताराने दोन फळ्या खिळ्याने जोडाव्या तसे डॉक्टरने हाड जोडले. खरी गोष्ट निराळी आहे. सळई, पट्टी किंवा स्क्रू हाड जोडत नाहीत. ते फक्त तुकडे जागेवर धरून ठेवतात. जोडण्याचे काम शरीराचे. ते महिनोन् महिने चालते आणि त्यातले बहुतेक दिवस रुग्ण आपल्या घरी, आपल्या देखरेखीखाली असतो. म्हणून हा विषय दवाखान्याइतकाच घरचा आहे.

हाड कसे जुळते ते आपल्या स्वयंपाकघरातल्या उदाहरणाने सांगते. दही लावायचे तर काय काय लागते? दूध चांगले हवे, विरजण जिवंत हवे, ऊब हवी आणि भांडे सारखे हलवता कामा नये. हाडाचेही तसेच. मोडलेल्या जागी रक्त साचते. त्यातून दोन-तीन आठवड्यांत मऊसा सांधा तयार होतो, मग त्यात चुना भरून तो हळूहळू कठीण होतो. याला अन्न हवे, म्हणजे रक्ताचा पुरवठा हवा. विरजण हवे, म्हणजे हाड तयार करणाऱ्या पेशी जिवंत हव्यात. आणि स्थिरता हवी. यातले एक जरी कमी पडले, तरी दही लागायला उशीर होतो, किंवा लागतच नाही.

आता नडगीच का, हेही समजून घेऊ. आपल्या मांडीच्या हाडाला चहूबाजूंनी मांसाची गादी आहे. नडगीवरून हात फिरवून पाहा. पुढच्या आतल्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागते. मधे मांस नाहीच. त्यामुळे धक्का बसला की हाड कातडी फाडून बाहेर यायला वेळ लागत नाही. शिवाय या हाडाला पोसणारी मुख्य रक्तवाहिनी वरच्या भागात, मागच्या बाजूने आत शिरते आणि हाडाच्या पोकळीतून खाली उतरते. मधे हाड मोडले की खालचा पुरवठा तुटतो. मग आजूबाजूच्या मांसातून रक्त मिळावे, तर घोट्याच्या वरच्या भागात मांस संपून नुसत्या दोऱ्यांसारख्या शिरा उरतात. म्हणून नडगीचा खालचा तिसरा भाग मोडला, की आम्हा डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते.

साधारणपणे मोठ्या माणसाची नडगी जुळायला चार-पाच महिने लागतात. जखम उघडी असेल तर त्याहून जास्त. नऊ महिने झाले आणि त्यातल्या शेवटच्या तीन महिन्यांत फोटोत काहीच प्रगती नाही, तर ‘हाड जुळले नाही’ असे म्हणण्याचा सर्वसाधारण संकेत आहे. नऊ महिने! कमावत्या माणसाचे नऊ महिने म्हणजे काय, हे घर चालवणाऱ्या बाईला विचारावे. नोकरी रोजंदारीची असेल तर ती गेलेली असते, दागिने गहाण पडतात, आणि मग कळते की दुसरे ऑपरेशन करावे लागणार. तेव्हा प्रश्न असा, की हे संकट आधी ओळखता येईल का?

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडांच्या चिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे, आणि तो सुरूच होतो या भाकिताने. कोणाचे हाड कष्टाने जुळते? जो थोडे खातो, ज्याचा स्वतःवर ताबा नाही, ज्याची प्रकृती वाताची आहे आणि ज्याच्या मागे इतर उपद्रव लागले आहेत, त्याचे. तिथेच असेही सांगितले आहे, की लहान वयात सांधा एका महिन्यात स्थिर होत असेल तर मध्यम वयात त्याला दुप्पट आणि उतारवयात तिप्पट काळ लागतो. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही आणि फार घट्ट बांधली तर सूज, ठणका आणि पू होतो, हाही इशारा तिथे आहे. गावाकडे हाडवैद्याच्या कामट्यांनी करकचून बांधलेले पाय आम्ही पाहतो, तेव्हा वाटते की परंपरेचे नाव घेणाऱ्यांनी निदान हा अध्याय तरी वाचावा.

आता अलीकडचे पाहू. 2003 साली कॅनडातील डॉ. मोहित भांडारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नडगीच्या ऑपरेशननंतर पुन्हा ऑपरेशन कोणाला लागते याचा शोध घेतला. त्यांना तीन गोष्टी ठळक दिसल्या : जखम उघडी असणे, हाड सरळ आडवे मोडलेले असणे, आणि ऑपरेशननंतरही दोन तुकड्यांत फट राहून ते एकमेकांना नीट न टेकणे. या तिन्ही गोष्टी अगदी पहिल्या दिवशी कळतात.

पुढे 2016 साली अमेरिकेतील बाल्टिमोर शहरातील डॉक्टरांनी चक्क गुण देण्याची पद्धत बसवली. जखम झाकायला दुसरीकडचे मांस-कातडी आणून लावावी लागली तर सर्वांत जास्त, म्हणजे पाच गुण. पोटरीत दाब वाढून रक्त अडले असेल तर चार. मधुमेहासारखा जुना आजार असेल तर तीन. उघड्या जखमेला दोन. तुकडे जितके कमी टेकलेले तितके वाढीव गुण. एकंदर प्रकृती जितकी नाजूक तितके वाढीव. आणि भगिनींनो, पुरुष असण्याबद्दल एक गुण! उलट, पाय मुरगळून हाडाला पीळ पडून मोडले असेल, किंवा मार हलका असेल, तर गुण वजा होतात. इथे कमी गुण मिळवणारा पहिला. पाचापर्यंत गुण असलेल्यांत हाड न जुळण्याचे प्रमाण शेकडा 2 निघाले, आणि बाराच्या वर गेलेल्यांत शेकडा 61.

हे आकडे ऐकून कोणी घाबरू नये. शंभरांतल्या एकसष्टांचे जुळले नाही, म्हणजे अतिशय वाईट गटातही एकोणचाळीस जणांचे जुळले. आणि ही माणसे एका परक्या शहरातली होती. त्यांचे आकडे आपल्या माणसाच्या कपाळावर जसेच्या तसे चिकटवता येत नाहीत. मग या गणिताचा उपयोग काय? आभाळ भरून आले की आपण गच्चीवरचे वाळवण आत आणतो. पाऊस पडतोच असे नाही. पण पापड भिजल्यावर आभाळाकडे पाहून काय उपयोग? डॉक्टरांचे भाकीत हे असे असते. ज्याचे गुण जास्त, त्याला लवकर लवकर बोलवायचे, त्याचे फोटो बारकाईने पाहायचे, त्याची साखर, त्याचे खाणे, त्याची जखम यांवर डोळा ठेवायचा, आणि घरच्यांना आधीच सांगायचे की तयारी लांबच्या पल्ल्याची ठेवा. पत्रिकेतल्या भाकिताला शांत करायची असते. या भाकिताला काम करायचे असते.

आता आपल्या हातातल्या गोष्टींकडे येते. हाड कसे मोडले, जखम केवढी झाली, हे रस्त्यावर ठरून गेलेले असते. तिथेही एक काम आपले आहे. अपघात झाला तर 108 क्रमांकाला फोन करावा. हाड बाहेर दिसत असेल तर जखमेवर स्वच्छ कोरडे कापड ठेवावे. हळद, कॉफीची पूड, माती काहीही भरू नये. पायाला काठीचा किंवा घडी केलेल्या जाड वर्तमानपत्राचा आधार द्यावा आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. उघड्या जखमेला जंतुनाशक औषधाचे इंजेक्शन जितके लवकर मिळेल तितका पू होण्याचा धोका कमी, आणि पू झालेले हाड जुळणे फार अवघड.

घरी आल्यावर पहिला शत्रू तंबाखू. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत हाड न जुळण्याचा धोका न ओढणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट आढळतो. निकोटीनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि धुरातला विषारी वायू रक्तातल्या प्राणवायूची जागा अडवतो. हे पुरुषांना सांगताना आपण माना डोलावतो. पण मला इथे एक दुसरी गोष्ट बोलायची आहे. एका शेतमजूर बाईंची नडगी मोडून ऑपरेशन झाले होते. कागदावर लिहिले होते, ‘तंबाखू : नाही.’ विचारणाराने “सिगारेट-विडी ओढता का?” असे विचारले असणार, त्या काय सांगणार? पाच महिने झाले तरी फोटोत फट तशीच. मी विचारले, “मावशी, मिश्री लावता का?” त्या हसल्या आणि म्हणाल्या, “ती तर लहानपणापासून. त्याशिवाय सकाळ होत नाही.” दिवसातून चार-पाच वेळा! संशोधन मुख्यतः धुरावर झाले आहे हे खरे, पण मिश्रीतले निकोटीनही हिरड्यांतून रक्तातच उतरते. परदेशी तक्त्यांत मिश्रीचा रकाना नाही. तो रकाना आपणच भरायचा आहे. त्या बाईंनी मिश्री सोडली, पोटभर खायला लागल्या, आणि पुढे त्यांचे हाड जुळले. एकट्या मिश्रीनेच अडले होते असे मी म्हणणार नाही. पण विचारलेच नसते तर सुटलीही नसती.

दुसरी गोष्ट साखरेची. मधुमेह असेल तर हाड उशिरा जुळते आणि जखम चिघळते. ऑपरेशनच्या वेळी साखर ताब्यात होती म्हणून पुढे बिनधास्त राहू नये. रुग्ण अंथरुणावर असतो, हालचाल नसते, भेटायला येणारे मिठाई आणतात. तेव्हा साखर वरचेवर तपासावी.

तिसरे खाणे. आपल्याकडे ऑपरेशन झाले की पहिले पथ्य डाळीचे. ‘डाळीने जखम पिकते’ म्हणून वरण बंद, दही बंद, भात बंद. बिचारा रुग्ण चहा-बिस्किटांवर राहतो. थोडे खाणाऱ्याचे हाड कष्टाने जुळते, हे सुश्रुताचे म्हणणे आठवा! जखम जंतूंनी पिकते, वरणाने नव्हे. हाडाचा पाया प्रथिनांचा असतो. चुना त्यावर नंतर चढतो. तेव्हा ज्वारीची भाकरी, घट्ट वरण, उसळी, दूध-दही, शेंगदाणे, तीळ, आणि चालत असेल त्यांना अंडी-मासे रोज द्यावे. डिंकाचे लाडू हौसेने करावे, पण डिंकाने हाड चिकटते असे समजू नये. मधुमेह असेल तर लाडू नकोतच. आपल्याकडे ऊन एवढे, तरी ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव पुष्कळांच्या रक्तात निघते. डॉक्टरांना विचारून तेही तपासून घ्यावे.

चौथे, औषधे. दुखते म्हणून दुकानातून आपल्या मनाने गोळ्या आणून महिनोन् महिने खाऊ नयेत. त्यांतल्या काही गोळ्या हाडाच्या जुळण्याला अडथळा करू शकतात. जडीबुटीच्या नावाने मिळणाऱ्या, नाव-गाव नसलेल्या पुड्या तर मुळीच नकोत. आणि मोडलेल्या जागेवर मालिश नको. विरजण लावलेले भांडे आपण ढवळत नाही.

पाचवे, चालणे. इथे घरचे लोक दोन टोकांना जातात. कोणी महिन्याभरात शेतावर पाठवतात, तर कोणी मायेपोटी चार महिने पाय जमिनीला लागू देत नाहीत. सळई नीट बसली असेल तर बेताचा भार हाडाला हितकारकच असतो. किती भार, केव्हापासून, हे प्रत्येकाच्या हाडाप्रमाणे निराळे. म्हणून घरी जातानाच डॉक्टरांकडून ते स्पष्ट विचारून, लिहून घ्यावे.

नंतर फेऱ्या. ‘दुखत नाही, मग कशाला जायचे?’ असे म्हणून तपासणी चुकवू नये. फोटोत हाडाच्या चार कडा पाहून प्रत्येक कडेला एक ते तीन गुण द्यायचे, अशी पद्धत 2010 पासून वापरात आहे. चार गुण म्हणजे काहीच जुळले नाही, बारा म्हणजे पूर्ण जुळले. आपल्या फोटोला किती, असे विचारायला संकोच कसला? मुलाचे गुण आपण विचारतोच ना! मागचा फोटो जपून ठेवावा, कारण एका फोटोपेक्षा दोन फोटोंतला फरक जास्त बोलतो. तीन-चार महिन्यांनंतरही पाय टेकताना मोडल्या जागी ठणका, जखमेतून पाणी किंवा पू, ताप, स्क्रू तुटणे, पाय वाकडा दिसणे, यांपैकी काही असेल तर तारखेची वाट न पाहता दाखवावे.

पण उतावीळही होऊ नये. 2008 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात नडगीत सळई घातलेल्या 1226 रुग्णांचा वर्षभर पाठपुरावा केला होता. हाड जुळत नाही एवढ्याच कारणासाठी पहिल्या सहा महिन्यांत पुन्हा ऑपरेशन करायचे नाही, असा त्यांचा नियम होता. परिणाम असा, की दुसरे ऑपरेशन लागणारे रुग्ण अपेक्षेपेक्षा कमी निघाले. पुष्कळ आळशी हाडे मुदतीनंतर का होईना, जुळली. म्हणून तिसऱ्या महिन्यात ‘डॉक्टर बदला’ म्हणणाऱ्या पाहुण्यांना चहा द्यावा, सल्ला मात्र घेऊ नये.

आणि इतके करूनही नाहीच जुळले, तर? तर जग बुडत नाही. विरजण जिवंत आहे पण भांडे हलत आहे, असे असेल तर जाड सळई बदलून काम होते. विरजणच मेले असेल, तर कमरेच्या हाडाचा कीस काढून तिथे भरतात. सोव्हिएत रशियात कुर्गान येथे डॉ. इलिझारोव्ह यांनी 1951 च्या सुमारास कड्या आणि तारांची पद्धत शोधली. तिने दिवसाला एक मिलिमीटर या वेगाने नवे हाड वाढवता येते. आपल्या शेजारी विदर्भात, अकोल्याला, डॉ. मिलिंद चौधरी यांनी या पद्धतीचे केंद्र उभारले. कड्यांचा तो पिंजरा पाहून घरचे घाबरतात, पण त्याने पुष्कळांचे पाय वाचले आहेत.

शेवटी एक मनातले बोलते. घरातल्या पुरुषाचा पाय मोडला तर बाई त्याची परिचारिका होते. बाईचा पाय मोडला तर तिची परिचारिका कोण? पंधराव्या दिवशी ती ओट्याला टेकून पोळ्या लाटताना दिसते. तपासणीची तारीख आली की कापूस वेचणीचे दिवस असतात, मुलाची परीक्षा असते, सोबत यायला कोणी नसते. आणि हाड जुळले नाही की सगळे म्हणतात, ‘हिने पथ्यच पाळले नाही.’ मी म्हणते, पथ्य पाळायला सवड तिला कोणी दिली होती? बाल्टिमोरच्या गुणांत बाईला एक गुणाची सूट आहे. आपल्या घरात ती सूट आपण हिसकावून घेऊ नये.

म्हणून मंडळापुढे माझी एक मागणी आहे. मंडळाने दोन-तीन वॉकर, कुबड्यांच्या चार जोड्या आणि एक कमोडची खुर्ची घेऊन ठेवावी आणि गरजूंना वापरायला द्यावी. काम झाले की परत, म्हणजे पुढच्या घराला उपयोगी. आणि शेजारी एखादीचा पाय मोडला, तर तिच्या तपासणीच्या दिवशी तिच्यासोबत जायला आणि तिचा स्वयंपाक करायला पाळी लावावी. हळदीकुंकवाला आपण पाळी लावतोच. मोडलेल्या हाडाला रक्त हवे, स्थिरता हवी आणि वेळ हवा. पहिली गोष्ट शरीर पाहील, दुसरी डॉक्टर पाहतील, तिसरी मात्र आपणच एकमेकींना देऊ शकतो.

 मंडळाची अशीच भरभराट होवो आणि कोणाच्याही घरी या भाषणाचा उपयोग करण्याची वेळ न येवो, अशी इच्छा करून आपली रजा घेते.